निःशंक श्रद्धेची गुन्हेकथा : किरण नगरकरांची ‘गॉड्स लिटल सोल्जर’

प्रास्ताविक :
धर्मोपदेशक वा संन्यस्त व्यक्ती नायकस्थानी असलेल्या गुन्हेकथेत श्रद्धेचा पेचप्रसंग बहुधा ठरावीक रीतीने येतो. गुन्हा दुसरा कोणी करतो, धर्मपुरुष त्याचा साक्षी होतो आणि त्याच्या श्रद्धेची कसोटी लागते. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘आय कन्फेस’ (१९५३) या चित्रपटातील पाद्री हे त्याचे ठळक उदाहरण होय. पापनिवेदनात खुन्याने सांगितलेले गुपित त्याला उघड करता येत नाही. संशय त्याच्यावरच येतो, तरी तो मौन पाळतो. किरण नगरकर (१९४२–२०१९) यांनी ‘गॉड्स लिटल सोल्जर’ (२००६) या इंग्रजी कादंबरीत ही मांडणी उलटी केली आहे. येथे धर्मपुरुष हाच गुन्ह्याचा कर्ता आहे आणि श्रद्धा ढळल्यामुळे नव्हे, तर तिला शंकेचा स्पर्शच न झाल्यामुळे तो गुन्ह्याकडे वळतो. ‘सात सक्कं त्रेचाळीस’ (१९७४) या कादंबरीने मराठी वाचकाला परिचित झालेल्या या लेखकाची ही कृती आपल्याकडे पुरेशी चर्चिली गेलेली नाही, म्हणून हा प्रपंच.

तीन नावे, एक वृत्ती :
मुंबईतील उदारमतवादी मुस्लिम कुटुंबात वाढलेल्या झियाला गणितात असामान्य गती आहे. मावशीच्या कर्मठ धर्मनिष्ठेचा संस्कार त्याच्या मनावर खोल झालेला आहे. केंब्रिजमध्ये शिकत असताना तो सलमान रश्दी यांच्या हत्येचा बेत आखतो आणि तो फसतो. पुढे अफगाणिस्तानातील लढाई, त्यानंतर अमेरिकेतील ट्रॅपिस्ट मठात ‘ल्यूसेन्स’ या नावाने ख्रिस्ती संन्यास आणि अखेरीस ‘तेजस’ हे हिंदू नामरूप, असा त्याचा प्रवास होतो. अरबी, लॅटिन आणि संस्कृत या तीनही भाषांतील या नावांचा अर्थ प्रकाशाशी निगडित आहे, हे लक्षणीय होय. नाव, वेष व उपासनापद्धती बदलत गेल्या तरी आपण ईश्वराने निवडलेला सैनिक आहोत ही त्याची धारणा बदलत नाही.

या दृष्टीने मठातील भाग मध्यवर्ती ठरतो. ट्रॅपिस्ट पंथ मौन आणि श्रम यांसाठी ओळखला जातो. पूर्वकृत्यांच्या भाराने झिया तेथे येतो. खरा पेचप्रसंग येथेच घडावयास हवा होता. परंतु ल्यूसेन्सचा पश्चात्तापही अहंकाराचे नवे रूप धारण करतो. गर्भपातविरोधी मोहिमेत तो झोकून देतो आणि जीव वाचविण्याच्या या कार्यासाठी शस्त्रांच्या व्यवहारापर्यंत पोहोचतो. साध्य पवित्र मानले की साधनाची चौकशी थांबते, हे नगरकरांनी येथे निर्दयपणे दाखविले आहे. गुन्हेकथेतील ‘पुढे काय होणार’ या उत्कंठेची जागा ‘हा माणूस कधी तरी थांबून स्वतःला प्रश्न विचारील काय’ ही उत्कंठा घेते.

मर्यादा आणि प्रतिपक्ष :
कादंबरी निर्दोष नाही. तीन धर्म एकाच नायकाच्या आयुष्यात बसविण्याच्या अट्टहासामुळे शेवटचा टप्पा सिद्धांताच्या सोयीसाठी आल्यासारखा वाटतो. घटनांचा वेग वाढतो तेथे झियाचे अंतर्मन मागे पडते. तथापि झियाचा भाऊ अमानत हे पात्र ही उणीव काही अंशी भरून काढते. अमानत लेखक आहे आणि त्याने रचलेली कबीराची कथा या कादंबरीत गुंफलेली आहे. वारकरी परंपरेत वाढलेल्या वाचकाला या योजनेचे मर्म सहज उमगावे. देवाशी भांडणारे, त्याला जाब विचारणारे तुकोबा ज्या भाषेत होऊन गेले, तेथे शंका ही श्रद्धेची वैरीण नसून तिची सोबतीण आहे. झियाला ही सोबत कधीच लाभत नाही.

समारोप :
नगरकरांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १२ ऑगस्ट २०२२ रोजी, न्यूयॉर्क राज्यातील शटॉक्वा येथे व्यासपीठावर रश्दी यांच्यावर प्रत्यक्ष प्राणघातक हल्ला झाला. त्यापूर्वीच, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि २० फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. दोन्ही घटना भिन्न आहेत आणि पानसरे खटल्याविषयी भाष्य करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या माणसावर शस्त्र चालते, हे या शहरातील वाचकाला कादंबरीतून कळावे लागत नाही. त्यास या कादंबरीतून समजते ते शस्त्र उचलणाऱ्या मनाविषयी. ते मन धर्महीन असतेच असे नाही. पुष्कळदा ते अत्यंत शिस्तबद्ध, त्यागी आणि बुद्धिमान असते. त्याच्याजवळ नसते ती केवळ स्वतःविषयीची शंका. वर्गात ही शंका जागी ठेवणे हे वाङ्मयाच्या अध्यापनाचे एक प्रयोजन मानले, तर अभ्यासक्रमात नसतानाही ही कादंबरी अध्यापकाने वाचावयास हवी.