पाहुणा आणि बिऱ्हाडकरू

मुलुंडला आमच्या शेजारी एक शिक्षिकाबाई राहत. १९७४ च्या राज्यक्रांतीपूर्वी, हैले सेलासी बादशहाच्या अमदानीत, हजारो भारतीय शिक्षक इथिओपियात नोकरीस गेले. त्यांत या बाई आणि त्यांचे यजमान होते. गोंदारच्या बाजूस, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांवरच्या एका आडगावी त्यांनी बिऱ्हाड थाटले होते. तिथे पाणी चटकन उकळे, पण डाळ काही केल्या शिजत नसे. लोक तास मोजत ते सूर्योदयापासून. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. बाईंना आजोबांच्या घटका-पळांची आठवण होई. वर्षाचे महिने तेरा, आणि तेरावा अवघ्या पाच-सहा दिवसांचा! तेफच्या आंबवलेल्या पिठाचा इंजेरा पानात पडला, की घावन आठवून घसा दाटे.

“हे लिहून काढा,” असे मी कितीदा म्हटले. त्या हसून म्हणत, “त्यात लिहिण्यासारखे काय आहे? शाळा, स्वयंपाक आणि पाऊस!” बाई आता नाहीत, आणि त्यांनी घरी धाडलेली पत्रेही रद्दीत गेली.

बाईंना असे का वाटावे? मला वाटते, याचा थोडा दोष आपल्या प्रवासवर्णनांकडे जातो. गाडगिळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ १९५९ चे, पु. लं.ची ‘अपूर्वाई’ १९६० ची. दोन्ही पुस्तकांनी मराठी घरांना भरभरून आनंद दिला आहे, आणि त्यांचे ऋण कोण नाकारील? पण त्यांतील नजर पाहुण्याची आहे. पाहुण्याला दारची रांगोळी दिसते. बिऱ्हाडकरूला मोरी दिसते. रांगोळीची पुस्तके वाचून वाचून आपण अशी समजूत करून घेतली, की मोरी म्हणजे साहित्याचा विषयच नव्हे.

वास्तविक आपली परंपरा अशी नव्हती. वरसईचे गोडसे भटजी घरचे कर्ज फेडावे म्हणून दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले, आणि १८५८ साली झाशीच्या वेढ्यात सापडले. १९०७ साली छापला गेलेला त्यांचा ‘माझा प्रवास’ आजही आपल्याला धरून ठेवतो, तो ते देश पाहण्यास गेले म्हणून नव्हे. पोटासाठी गेले आणि निघून जाता येईना म्हणून.

भटजींचा हा वारसा मला अलीकडे एका इंग्रजी पुस्तकात भेटला. मर्विन मासिएल या गोवेकराचे ‘ब्वाना करानी’ १९८५ साली प्रसिद्ध झाले. ‘ब्वाना’ म्हणजे साहेब आणि ‘करानी’ म्हणजे कारकून. बंगाल्यांचा ‘केरानी’ तो हाच. केनियाच्या उत्तर सरहद्दीवर, जिथे परवान्यावाचून पाऊल टाकता येत नसे, अशा लोडवार, मार्साबिट यांसारख्या ठाण्यांवर मासिएल यांनी इंग्रज सरकारची कारकुनी केली. मार्साबिट म्हणजे वाळवंटात एकटाच उभा असलेला डोंगर. वर धुके आणि दाट अरण्य, खाली रखरखाट. पुढे या डोंगरावरच्या अहमद नावाच्या हत्तीचे दात एवढे गाजले, की १९७० साली राष्ट्राध्यक्ष केन्याटांनी खास हुकूम काढून त्याला संरक्षण दिले. पाहुणा हत्ती पाहून परततो. कारकून सोमवारीही तिथेच असतो. दप्तर, हिशेब, क्वचित येणारी टपाल-मोटर आणि शेजाऱ्याची माया यांतूनच हे पुस्तक घडले आहे. लेखकाला शैलीचा सोस नाही. पण गावावर त्याचा जीव आहे.

तथापि उणीव सांगितलीच पाहिजे. त्या राज्यात वरच्या पायरीवर गोरा, मधल्या पायरीवर हिंदी आणि खालच्या पायरीवर आफ्रिकी माणूस असे. सुपीक उंच पठारांवर शेतजमीन घ्यायला हिंदी माणसालाही मज्जाव होता. औंधचे अप्पासाहेब पंत १९४८ ते १९५४ या काळात नैरोबीस भारताचे कमिशनर होते. आफ्रिकी पुढाऱ्यांशी स्नेह जोडल्यामुळे ते वसाहत सरकारच्या डोळ्यांत सलत. मासिएल मात्र मधल्या पायरीवरून वर पाहताना कृतज्ञतेने पाहतात; साहेबांवर त्यांना रागावता येत नाही. त्यामुळे पायऱ्या दिसतात, पण त्यांचा सल म्हणावा तसा जाणवत नाही. ज्याचे मीठ खाल्ले त्याचा हिशेब मांडणे अवघड, हे खरे. पण राणीचे अन्न खाऊनही गोडसे भटजींनी झाशीचे हाल लपवले नाहीत.

एवढी उणीव धरूनही मी म्हणेन, की असे एक पुस्तक दहा सफरींच्या तोडीचे आहे. खंत एवढीच, की या तोलाचे मराठी पुस्तक माझ्या वाचनात नाही. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत आफ्रिकेहून परतलेली माणसे कितीतरी घरांत असतील. या दिवाळीत फराळाचे ताट पुढे ठेवून त्यांना एकच विचारा: तिथे डाळ कशी शिजवत होता? आणि उत्तर मिळाले, की ते आधी वहीत उतरवून ठेवा. आमच्या शेजारणीच्या बाबतीत मी ते केले नाही.