खंदक खणलेच नाहीत!

सिंगापुरात पाहुणे आले की आपण त्यांना सेंटोसाला नेतो, सिलोसो किल्ल्यावरच्या तोफा दाखवतो आणि "तोफांची तोंडं समुद्राकडे होती म्हणून ब्रिटिश हरले" हेही सांगून टाकतो. ब्रिगेडियर आयव्हन सिम्सन यांचे 'सिंगापूर : टू लिटल, टू लेट' (१९७०) हे पुस्तक वाचल्यावर ते सांगवत नाही. बऱ्याचशा तोफा जमिनीकडे वळवता येत होत्या. पायदळावर मारायचे गोळे मात्र फार थोडे होते. खरी उणीव होती ती उत्तर किनाऱ्यावर. तिथे जवळजवळ काहीच बांधलेले नव्हते.

सिम्सन ऑगस्ट १९४१ मध्ये मलायात मुख्य अभियंता म्हणून आले. जोहोरमध्ये आणि बेटाच्या उत्तरेला खंदक, तारांची कुंपणे, रणगाड्यांना अडथळे हवेत, हा त्यांचा धोशा. २६ डिसेंबरच्या रात्री ते जनरल पर्सिव्हल यांच्याशी दोन-अडीच तास भांडले. उत्तर मिळाले, की अशा बांधकामाने सैनिकांचे आणि नागरिकांचे मनोधैर्य खचते! रणगाड्यांशी कसे लढावे याच्या पुस्तिका तर मुख्यालयातल्या कपाटात गठ्ठ्यांनी पडून होत्या. (मॅन्युअल न उघडण्याची परंपरा आम्हा संगणकवाल्यांनी सुरू केलेली नाही, एवढाच दिलासा.)

हा सगळा भाग विलक्षण वाचनीय आहे. पण वाचकहो, त्या रात्रीचा संवाद आपल्याला कळतो तो सिम्सनच्याच आठवणीतून, आणि पुस्तक निघाले तेव्हा पर्सिव्हल उत्तर द्यायला हयात नव्हते. ते १९६६ मध्ये वारले. शत्रू उत्तरेकडून, थायलंडमार्गे येऊ शकतो, असे १९३७ साली याच पर्सिव्हलनी लिहून ठेवले होते. म्हणजे कळत नव्हते असे नाही. मग हात का आखडला? मजुरीचे दर लंडनने इतके कमी बांधून दिले होते की मजूर मिळत नसत. आरमार येईल ही आशा होतीच. १९३९ मध्ये त्यासाठीची मुदत १८० दिवसांवर गेली होती. सिम्सनचा रोख एका माणसावर राहतो, त्यामुळे हा पसारा मागे पडतो.

आणि त्या न खणलेल्या खंदकांची किंमत मोजणारे? या फौजेत निम्म्याच्या आसपास भारतीय जवान होते. १५ फेब्रुवारी १९४२ च्या शरणागतीनंतर दोनच दिवसांनी फेरर पार्कवर चाळीस हजारांच्या आसपास भारतीय युद्धकैदी जपान्यांच्या हवाली झाले. आपण मुस्तफात वाणसामान घ्यायला जातो ना, तिथून हाकेच्या अंतरावर. त्यांच्या बाजूने लिहिलेले पुस्तक मी अजून शोधतोय.