पांढऱ्या जाम्यातले दोन भाऊ

राजघराण्यातल्या मुलांची चित्रं बहुधा कौतुकापोटी काढलेली असतात. इंग्रज चित्रकार रॉबर्ट होमच्या चित्रातले दोन भाऊ मात्र ओलीस म्हणून उभे आहेत. हे म्हैसूरच्या टिपू सुलतानाचे मुलगे: अब्दुल खालिक दहाएक वर्षांचा, मुइझुद्दीन आठेक. २६ फेब्रुवारी १७९२ रोजी श्रीरंगपट्टणच्या छावणीत ते इंग्रज सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या हवाली झाले. तो प्रसंग होमने तैलरंगात उतरवला. चित्र आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

निम्मं राज्य, ३ कोटी ३० लाख रुपये आणि अटी पुऱ्या होईपर्यंत दोन मुलगे, असा हरलेल्या टिपूचा इंग्रजांशी झालेला तह. निजाम आणि पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते; पेशव्यांचे हरिपंत फडके फौजेनिशी तिथे हजर होते. आपलं बीड जिल्ह्यातलं सिरसाळा, परळी, हा सारा मुलूख त्या काळी निजामाचा. तेव्हा या मुलांच्या ओलीस राहण्यात आपल्याकडच्या दोन्ही दरबारांचा वाटा आहे. परक्यांची गोष्ट म्हणून हे चित्र पाहून चालणार नाही.

आता रंग पाहा. कॉर्नवॉलिस लाल कोटात, रुबाबदार, मुलांना मायेने जवळ घेणारा. चित्राचा उघड हेतू त्याचं औदार्य दाखवण्याचा. पण नजर खिळते ती मुलांच्या पांढऱ्या मलमली जाम्यांवर. गळ्यात मोत्यांचे सर, डोक्यावर लाल पागोटी. सेनापतीच्या कोटाचा लाल रंग मुलांच्या वाट्याला फक्त डोक्यापुरता आला आहे. जेता कोण आणि जित कोण, हे होमने एवढ्यात सांगून टाकलं आहे. भोवती मोठ्या माणसांची दाटी, मागे हत्ती. त्या गर्दीत ही दोन पोरं फार लहान दिसतात. ती रडत नाहीत, बावरत नाहीत. दरबारी रीत त्यांच्या अंगात मुरलेली आहे, आणि पाहणाऱ्याच्या काळजाला घरं पाडतो तो हाच त्यांचा पोक्तपणा.

एका कडेला होमने स्वतःलाही रंगवलं आहे, चित्रांची वही काखेत धरून. तो टिपूविरुद्धच्या मोहिमेत कॉर्नवॉलिसच्या सैन्याबरोबर हिंडला होता. जणू साक्षीदार म्हणून त्याने चित्रावर आपली सही केली आहे.

कॉर्नवॉलिसने दोघांना एकेक सोन्याचं घड्याळ दिलं. १७९४ मध्ये मुलं बापाकडे परतली. १७९९ मध्ये टिपू पडला, कुटुंबाची रवानगी वेल्लोरच्या किल्ल्यात झाली आणि १८०६ च्या तिथल्या बंडानंतर त्यांना कलकत्त्याला हलवलं गेलं.

होमला गौरव करायचा होता सेनापतीचा. त्याच्या कुंचल्याने न्याय दिला तो मुलांना. हे चित्र थोर आहे ते त्यामुळेच.