विद्येचे मोल : पंडिता रमाबाईंच्या आत्मनिवेदनाचे एक वाचन

पंडिता रमाबाई सरस्वती (१८५८–१९२२) यांच्याविषयी मराठीत झालेल्या लेखनाचे दोन प्रवाह ठळकपणे दिसतात. एक त्यांच्या धर्मांतराचा निवाडा करतो, तर दुसरा त्यांच्या समाजकार्याचा गौरव. या दोहोंच्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला आहे. एकोणिसाव्या शतकात एखाद्या स्त्रीला धर्माचा अभ्यास करावयाचा असेल, तर तिच्या पोटापाण्याची व निवाऱ्याची तजवीज कोण करीत असे, आणि त्या मोबदल्यात तिच्याकडून काय मागितले जात असे? १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेले व मराठीत ‘माझी साक्ष’ या नावाने परिचित असलेले रमाबाईंचे आत्मनिवेदन याच प्रश्नाच्या अंगाने वाचावे, असे आम्हांस वाटते. भक्तीच्या भाषेत लिहिलेला हा ग्रंथ आमच्या दृष्टीने विद्येचा जमाखर्चही आहे.

या जमाखर्चातील पहिली रक्कम पुराणश्रोत्यांची. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले. त्यास विरोध झाला आणि ते गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले. तेथे येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या व अतिथींच्या खर्चाने ते कर्जबाजारी झाले. रमाबाई तान्ह्या असतानाच कुटुंब तीर्थाटनास निघाले ते कायमचे. घरकाम सुरू होण्यापूर्वी पहाटे लेकीस उठवून पाठ देणारी आई हीच रमाबाईंची पहिली गुरू. मात्र वेद या पाठांत नव्हते. शास्त्राने स्त्रीला घातलेली ती मर्यादा सुधारक वडिलांनीही पाळली.

या कुटुंबाची उपजीविका पुराणवाचनावर चाले. देवळात वा नदीच्या घाटावर पोथी उघडावी, संस्कृत न कळणाऱ्या श्रोत्यांनी पुण्याच्या आशेने ऐकावे आणि पोथीपुढे फुले, फळे, पैसे ठेवावेत, अशी ही रीत होती. परळी-अंबाजोगाईसारख्या क्षेत्रांच्या परिसरात वाढलेल्या आमच्या वाचकांना तिचे चित्र अनोळखी वाटणार नाही. मिळालेले द्रव्य पुन्हा दानधर्मात व ब्राह्मणभोजनात जाई. धर्मविद्येने मिळविलेले धन धर्माच्याच बाजारात संपून जात असे.

पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा ही व्यवस्था कोसळली. आपल्याला दुसरे कोणतेही काम येत नव्हते आणि विद्येच्या व जातीच्या अभिमानामुळे हलके मानलेले काम करवत नव्हते, हे रमाबाईंनी निःसंकोचपणे नोंदविले आहे. आई, वडील व थोरली बहीण पाठोपाठ गेली. आईची तिरडी उचलण्यास मजुरी देण्याजोगे पैसे नव्हते. दोघा ब्राह्मणांना दया आली. तिसरे खांदेकरी भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी असल्यामुळे त्यांना ते ओझे डोक्यावर घ्यावे लागले. या प्रसंगावर रमाबाई भाष्य करीत नाहीत, आणि त्याची गरजही नाही. हजारो श्लोक मुखोद्गत असणाऱ्या कन्येजवळ आईच्या अंत्ययात्रेपुरते पैसे नसावेत, ही त्या विद्येच्या अर्थव्यवस्थेवरील पुरेशी टीका आहे.

१८७८ साली कलकत्त्यास त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. ज्या वेदांचा अधिकार नाही असे त्या मानीत आल्या होत्या, ते केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती ठेवले. जिला वेदपठणाचा अधिकार नाही, तिला सरस्वती म्हणावयाचे, हा विरोधाभास त्या सभेत कोणास खटकला असेल काय?

दुसरी रक्कम इंग्लंडमधील मठाची. १८८२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या उत्पन्नातून रमाबाईंनी प्रवासखर्च उभा केला आणि १८८३ साली लहानग्या मनोरमेसह त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्यांची राहण्याजेवण्याची सोय झाली. मोबदल्यात हिंदुस्थानात येऊ इच्छिणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवावयाचे होते. पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी अध्यापनही केले. म्हणजे अन्नाचे मोल त्यांनी श्रमाने चुकते केले होते. परंतु यजमानांची अपेक्षा त्याहून अधिक होती. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी सिद्धांत प्रश्नाविना स्वीकारावेत, वरिष्ठांचा शब्द मानावा, असा आग्रह होऊ लागला. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावरही धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडात मान देणार नाही, या आशयाचे त्यांचे उत्तर अ. भि. शहा यांनी संपादिलेल्या व १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या पत्रव्यवहारात वाचावयास मिळते.

येथे आत्मनिवेदनाची उणीव सांगणे आवश्यक आहे. उतारवयात, दृढ श्रद्धेच्या भूमीवरून लिहिलेल्या या ग्रंथात सर्व वाटा कृपेकडे जातात. त्यामुळे दुष्काळ हा देवतांच्या निष्फळतेचा पुरावा ठरतो, आणि वाँटेजमधील संघर्षाला फारसे स्थान उरत नाही. पत्रांतील रमाबाई भांडतात, तर ‘साक्षी’तील रमाबाई शांत आहेत. दोन्ही साधने एकत्र ठेवल्याविना हिशेब जुळत नाही.

तिसरी रक्कम अमेरिकेची. १८८७ साली त्यांच्या इंग्रजी पुस्तकाने उच्चवर्णीय विधवांचा प्रश्न तेथे पोहोचविला आणि बोस्टन येथे साहाय्यक मंडळ स्थापन झाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. या पैशाची अट धार्मिक तटस्थतेची होती. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात म्हणून १८९३ साली रानडे, भांडारकर आदींनी सल्लागारपद सोडले. पुराणश्रोत्यांनी पुण्य मागितले, मठाने आज्ञापालन, बोस्टनने मौन. यजमान बदलला, तरी ‘तू काय वाचावेस व काय बोलावेस हे आम्ही ठरवू’ हे सूत्र बदलले नाही. केडगावला स्वतःची जमीन, स्वतःचा छापखाना आणि त्यात काम करणाऱ्या स्त्रिया उभ्या राहिल्यानंतरच रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे आपल्या मतीने भाषांतर करू शकल्या. संपूर्ण भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले.

रमाबाईंचा संघर्ष मोठा मानूनही त्याची मर्यादा नजरेआड करता येत नाही. फुल्यांच्या शाळेतील मातंग विद्यार्थिनी मुक्ता हिने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना, वेद ज्यांना बंद आहेत त्यांचा धर्म तरी कोणता, असा रोकडा प्रश्न विचारला होता. रमाबाईंना गाभारा बंद होता. मुक्तेला अंगणही खुले नव्हते. एकीचा प्रश्न ‘मला अधिकार का नाही?’ असा, तर दुसरीचा ‘हा धर्म माझा आहेच कसा?’ असा. दुसरा प्रश्न अधिक मूलगामी आहे. रमाबाईही अखेर त्याच प्रश्नापाशी आल्या, पण फार फेरा घेऊन. त्यांच्यावर टीकेचा भडिमार होत असता १८८५ साली ‘सत्सार’मधून जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले, ही गोष्ट या संदर्भात अर्थपूर्ण आहे.

ज्या १८८३ साली रमाबाई इंग्लंडमध्ये होत्या, त्याच साली लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने थेरीगाथा प्रथम मुद्रित केली. तीत चंदा थेरीची कथा आहे. निपुत्रिक, निराधार विधवा असलेली चंदा सात वर्षे भीक मागत फिरली. भिक्षुणींना अन्न मिळते हे पाहून ती त्यांच्याकडे आली. पटाचारेने तिला प्रव्रज्या दिली, उपदेश केला आणि परमार्थाकडे लावले. भुकेपोटी आलीस म्हणून तिला कोणी अपात्र ठरविले नाही. भिक्षुणीसंघावरही आठ गुरुधर्मांचे ओझे होते, हे आम्ही विसरत नाही. परंतु अन्न आणि ज्ञान एकाच दारातून देणारी आणि स्त्रीच गुरू असणारी संस्था येथे एकदा होती. एकोणिसाव्या शतकात ती नव्हती. धर्मानंद कोसंबी १८९९ साली बौद्ध धर्माच्या शोधात पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून घराबाहेर पडले; त्यांच्या पत्नीला तसे निघता आले असते काय? मुलीला सोबत घेऊन समुद्र ओलांडणाऱ्या रमाबाईंच्या धैर्याचे माप याच तुलनेत कळते.

हा हिशेब भूतकाळापुरता नाही. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीस निघतात आणि अनेक मुलींची शाळा तेथेच थांबते. अशा घरातील एखाद्या मुलीस पाली शिकावयाची असेल, तर तिच्या सहा महिन्यांच्या भाकरीचे काय, हा प्रश्न धर्माबाहेरचा नाही. विहारात ग्रंथ आहेत, वर्ग आहेत, व्याख्याने आहेत. त्यांचे दान करणाऱ्यांनी स्वतःस एवढेच विचारावे : आपण देतो ते पटाचारेसारखे देतो, की रमाबाईंच्या यजमानांसारखे?