नावाड्याचा नकार

खामगाव हे चांदीच्या बाजाराचं गाव. इथल्या वरातीत बँडवाल्यांनी ‘बॉबी’मधलं सोनं-चांदी नको म्हणणारं गाणं धरलं की सराफाच्या पाट्यांकडे बघून हसू येतं. १९७३च्या या गाण्याचे शब्द विठ्ठलभाई पटेलांचे, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, आवाज मन्ना डे आणि शैलेंद्र सिंग यांचे. चाल मात्र गोव्याची. कार्लोस यूजेनियो फेरेरा यांची ‘हांव सायबा पलतडीं वेतां’ ही देखणी तिच्या मुळाशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, घुमटाच्या साथीनं नाचत गायची.

त्या देखणीत एक भांडण म्हणावं इतका चुरशीचा प्रसंग आहे. दामूच्या लग्नाच्या मांडवात नाचायला निघालेली कलावंतीण नदीकाठी अडकली आहे. पलीकडे सोड म्हणून ती नावाड्याला गळ घालते. तो ऐकेना, तशी ती अंगावरचा एकेक दागिना पुढे करते. तो नको म्हणतो, ती पुढचा काढते. कडव्यात आर्जव आहे, ध्रुपदात घाई. तिथे ‘घे’ हा शब्द लागोपाठ येतो आणि प्रत्येक ठोक्याला तिचा हात पुढे सरकल्यासारखा वाटतो. घासाघीस अशी तालात बसवलेली मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

पटेलांनी नदी, होडी, दामू सगळ्यांना रजा दिली. ‘घे’ची माळ तेवढी ठेवली. नकार नावाड्याकडून निघाला तो प्रियकराच्या तोंडी गेला. प्रेमात सौदा नसतो, असं गाणं बजावतं आणि त्याच दमात हृदयाच्या बदल्यात हृदय मागतं! म्हणजे देवघेव आलीच, नाणं तेवढं बदललं. चाल जन्मापासून घासाघिशीची. शब्दांनी कितीही नाही म्हटलं तरी ती आपला स्वभाव सोडत नाही.

शब्द बदलले की चालीचं काय होतं, याचं आणखी एक उदाहरण आहे. साधारण त्या देखणीच्याच काळात, १८९८ साली, नेपल्सच्या एदुआर्दो दी कापुआ यांनी ‘ओ सोले मियो’ची चाल बांधली. वादळानंतरचं लख्ख ऊन आणि त्याहून सुंदर असा प्रियेचा चेहरा, एवढाच त्या गाण्याचा ऐवज. १९६० साली एल्विस प्रेस्लीनं त्याच चालीवर ‘इट्स नाऊ ऑर नेव्हर’ गायलं. आरन श्रोडर आणि वॉली गोल्ड यांच्या नव्या शब्दांत सूर्य मावळला आणि आज रात्रीच काय ते ठरव, असा तगादा सुरू झाला. ज्या उंच स्वरावर नेपल्सचा गायक हरखून जातो, त्याच स्वरावर एल्विस हट्ट धरतो. गाणं तुफान चाललं. मला मात्र मूळचं ते निवांत बघत राहणं जास्त आवडतं.

‘बॉबी’बद्दल इतकी तक्रार नाही. प्रेमनाथच्या जॅक ब्रगांझासाठी मन्ना डे यांनी लावलेला रांगडा, खुशालचेंडू आवाज केवळ लाजवाब. पण त्यातल्या श्रीमंत घरच्या पोराला सोनं नको म्हणायला काय जातं? कलावंतिणीच्या अंगावरचे दागिने ही तिची कमाई आहे, आणि पलीकडच्या मांडवात पोचली नाही तर आजची बिदागीही बुडणार आहे.