रणगाड्यावरचा चिखल कुठला?

प्लास्टिकचा रणगाडा जोडून त्याला रंग देणं आणि मग तो रंग जाणीवपूर्वक मळवणं, ही आज जगभर स्वतंत्र कला मानली जाते. बेल्जियमच्या फ्रान्स्वा वेर्लिंडेनने खाचांत पातळ गडद रंग सोडण्याची आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने कडा उजळण्याची पद्धत घरोघरी पोचवली. पुढे स्पेनच्या मिग हिमेनेझने आणि त्याच्या पिढीने तेलरंगांचे पारदर्शक थर, स्पंजने उठवलेले टवके, हेअरस्प्रेवर रंग देऊन तो पाण्याने खरवडणं या युक्त्यांना जवळपास शास्त्राचं रूप दिलं. साधनं कधी नव्हती इतकी चांगली आहेत. नजर मात्र त्यांच्या मागे पडली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. डाग बाटलीत तयार मिळू लागले आणि डागाचं कारण विचारणं थांबलं. गंजाचे ओघळ असतात, धूळ असते, चिखल असतो. पण तो कोणत्या जमिनीचा, कोणत्या महिन्यातला, गाडी किती राबल्यावर चढलेला, हे मॉडेल सांगत नाही.

कारण शोधायचं कसं, हे शिकायला वर्धा जिल्ह्याइतकी चांगली शाळा नाही. पुलगावला लष्कराचं मोठं दारूगोळा भांडार आहे खरं, पण अभ्यासाला लष्करी वाहनच हवं असं नाही; पावसाळ्यात हिंगणघाटकडच्या कपाशीच्या शेतातून सडकेवर आलेला ट्रॅक्टर पुरतो. इथली काळी माती ओली असताना खरोखर काळी आणि चकचकीत दिसते. ती चाकाला थरावर थर गुंडाळत जाते, मडगार्ड आणि टायर यांच्यातली फट बुजवून टाकते. वाळली की तिचा काळेपणा जातो; करडा, किंचित तपकिरी रंग येतो. ही माती पाण्याने फुगणारी, म्हणून वाळताना आकसते, भेगाळते आणि ढेकळाढेकळांनी गळते; गळल्या जागी पत्र्यावर फिकट डाग राहतो. त्याच ट्रॅक्टरच्या वरच्या भागावर रस्त्याच्या मुरमाची तांबूस-पिवळी धूळ बसलेली असते. म्हणजे एकाच गाडीवर दोन जमिनी, दोन उंचींवर, आणि ओला-वाळला असा काळाचा फरकही. ‘युरोपची धूळ’ असं लिहिलेल्या एका बाटलीतून हे सगळं निघणार नाही. एसटीकडेही असंच बघावं. धावत्या बसच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि उडालेली धूळ मागच्या काचेवर खेचली जाते, म्हणून धुळीचा जाड थर मागे असतो. रंग उडतो तो दाराच्या दांडीजवळ, जिथे रोज शेकडो हात लागतात. मॉडेलवर सगळीकडे सारखे शिंपडलेले टवके पाहिले की एवढंच विचारावंसं वाटतं, इथे हात कुणाचा लागला?

प्रमाणाचं गणितही असंच विसरलं जातं. 1:35 च्या मॉडेलवर एक मिलिमीटर जाडीचा चिखल म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन सेंटिमीटर. अर्ध्या मिलिमीटरचा टवका म्हणजे साडेसतरा मिलिमीटरची जखम. धुळीचा कण डोळ्यांना सुटा दिसू लागला की ती धूळ राहत नाही, खडी होते. हवामानाचंही भान हवं. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे गेला की एअरब्रशमधला अ‍ॅक्रिलिक पृष्ठभागावर पोचण्याआधीच वाळतो आणि खरखरीत बसतो. श्रावणातल्या दमट हवेत लॅकरवर पांढरी झाक येते. परदेशी पुस्तकातली कृती जशीच्या तशी इथे चालत नाही ती यामुळे.

महाराष्ट्रात या कलेला आधार म्हणून सगळे नगरच्या रणगाडा संग्रहालयाकडे बोट दाखवतात, आणि ते योग्यच आहे. 1994 साली सुरू झालेल्या त्या संग्रहालयात सेंच्युरियन, पॅटन, विजयंत जवळून पाहता येतात. पोलादाची जाडी, वेल्डिंगची शिवण, पट्ट्याच्या कड्या कुठल्याही छायाचित्रापेक्षा नीट समजतात. पण जतनासाठी ही वाहनं पुन्हा पुन्हा रंगवावी लागतात. आकार शिकायचा तो तिथे. झीज शिकायला तिथे काही उरलेलं नाही. 16 डिसेंबर 1971 ला शकरगढ भागातल्या बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या ‘फामागुस्ता’ सेंच्युरियनमध्ये लढले, तो डागडुजी करून नगरलाच जपला आहे. आजचा त्याचा रंग पाहून त्या दिवसाचं मॉडेल करणं म्हणजे संग्रहालयाचं मॉडेल करणं. त्या दिवसासाठी शकरगढची डिसेंबरातली नदीकाठची गाळमाती हवी, सुरुंग पेरलेली वाट ओलांडून आलेले पट्टे हवेत, चालक-तोफची जिथे पाय देऊन चढतात तिथली झिजलेली कड हवी, पेट्रोल भरताना सांडल्याचा डाग हवा. काही आठवड्यांच्या मोहिमेत चिलखती पोलाद ठिकठिकाणी गंजून ओघळत नाही, त्यामुळे आज सर्रास दिसणारे ते नारिंगी ओघळ तिथे खोटे ठरतात. वर्ध्याची काळी मातीही तिथे तितकीच खोटी. वर्ध्यात शिकायची ती माती नव्हे, विचारण्याची सवय.

यावर अनुभवी कलाकारांचा आक्षेप असा, की लहान आकारात सत्य जसंच्या तसं दिसत नाही, थोडी अतिशयोक्ती करावीच लागते. हे मान्य आहे. सावली गडद करावी, कड उजळावी. अतिशयोक्ती कारणाची करावी, कारणाशिवाय करू नये. दुसरा आक्षेप आपल्या परंपरेतून येतो. सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्यातला लाकडी नंदी चकाकतो, दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा चकाकतो. आपल्याकडे घडवलेली वस्तू नवीकोरीच शोभते. पण नंदी पूजेचा आहे, मावळा सणाचा. त्यांचं नवेपण हाच त्यांचा अर्थ. रणगाडा वापराची वस्तू आहे आणि वापराचा अर्थ झिजण्यात असतो. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: ज्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे तिथे युद्धयंत्रांची हौस कशाला? मला वाटतं, या आक्षेपाला धार असते ती चकचकीत मॉडेलसमोर, कारण तिथे यंत्र निव्वळ रुबाब मिरवतं. नीट मळवलेल्या मॉडेलमध्ये चिखलात रुतलेलं, माणसांनी ओढूनताणून चालू ठेवलेलं यंत्र दिसतं आणि त्या माणसांचे कष्टही दिसतात. म्हणून प्रदर्शनात प्रत्येक मॉडेलशेजारी ठिकाण, महिना आणि गाडी तोवर किती दिवस मोहिमेवर होती, एवढं लिहिणं सक्तीचं करावं, आणि परीक्षकांनी एकेक डाग त्या ओळींशी ताडून गुण द्यावेत.