करुणा आणि कोटी

ओसामु तेझुका (१९२८–१९८९) यांच्या ‘बुद्ध’ या जपानी चित्रकादंबरीच्या आरंभी एक वृद्ध संन्यासी बर्फात कोसळतो. अस्वल मासे आणते, कोल्हा फळे आणतो. सशाला काहीच मिळत नाही. मग शेकोटी पेटते आणि ससा स्वतःच तीत उडी घेतो. पाली ससजातकातला अग्नी सशाला जाळीत नाही, तेझुकांचा जाळतो. प्रसंग जवळजवळ शब्दांवाचून घडतो. बारीक रेघांनी उभा केलेला पर्वत आणि त्यापुढे खेळण्यासारखी गोलसर, मऊ जनावरे, या विषमतेतूनच तेथील करुणा जन्मते. इतके बोलके मौन शब्दप्रधान चरित्रांना क्वचितच साधले आहे.

आणि मग विनोद सुरू होतो. प्राचीन कपिलवस्तूतली माणसे मध्येच आधुनिक जगातल्या गोष्टी बोलतात, ऐन संकटात पोरकट कोट्या करतात. १९७२ ते १९८३ या काळात ही कथा क्रमशः प्रसिद्ध झाली, तीही आरंभी मुलांच्या मासिकात. हे कारण खरे, पण ते समर्थन नव्हे. बालवाचकाला ससा जळताना पाहता येतो, तर गंभीर क्षणी त्याला गुदगुल्या कशाला?

कालविपर्यास हा स्वतः दोष नाही. तमाशातला पेंद्या कृष्णाच्या गोकुळात उभा राहून आजच्या पुढाऱ्यांची टोपी उडवितो आणि गवळण अधिकच रंगते. कारण त्याच्या थट्टेला लक्ष्य असते. ‘मृच्छकटिका’तला मैत्रेय खादाड आहे, पण मित्र वधस्थानी निघतो तेव्हा त्याचे रडे खोटे वाटत नाही. तेझुकांच्या अनेक कोट्यांना लक्ष्यही नाही आणि पात्राचा आधारही नाही. आनंदवर्धनाने रसभंगाचे कारण अनौचित्यात पाहिले, ते येथे चित्रांच्या शेजारीच बसलेले दिसते. शूद्र चाप्रा आणि त्याची आई यांच्या शोकांतिकेभोवती तर या कोट्या विशेष खुपतात.

तरीही सगळाच विनोद काढून टाकावा, असे म्हणवत नाही. एका माणसाला वाचविण्यासाठी अनेक जनावरांचे प्राण खर्ची घालणारा नारदत्त पुढे शिक्षा म्हणून पशूसारखा हातापायांवर जगतो. ते ध्यान प्रथमदर्शनी हास्यास्पदच आहे. वाचक हसतो, पान उलटतो आणि आपण कोणाला हसलो हे उमगून थबकतो. तेथे तेझुकांना एकाही कोटीची गरज पडलेली नाही. रेघ पुरली आहे.